मोजलेल्या पाण्याचं झाड

शमुवेलमामांवर मी लिहावं, असा माझा काही अधिकार नाही. ते माझ्या नात्याचे नव्हते, धर्माचे नव्हते, आणि मी लेखकही नाही, पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकणारा केंदूरचा एक विद्यार्थी आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नाही, त्यामुळे असं काही लिहायचं तर ते कसं, हे विचारायलाही घरात कुणी नाही. रविवारच्या पुरवणीत मोठ्या माणसांवर मोठी माणसं लिहितात. मामा तर शिरूरच्या कचेरीतले एक कारकून होते. तरीही लिहितो आहे, कारण त्यांना सांगायची एक गोष्ट माझ्याकडेच राहून गेली, आणि ती आता कुठं ठेवावी हे मला कळत नाही... वाचकांनी या धारिष्ट्याबद्दल क्षमा करावी.

हायस्कुलासाठी मी शिरूरला आलो तेव्हा मिशनच्या आवाराजवळ मामांच्या घराची मागची खोली मला मिळाली. मामी पूर्वीच वारल्या होत्या. घरात मामा आणि त्यांची मुलगी मार्थाताई, दोघंच. मामा ख्रिस्ती, म्हणून आईनं निघताना बजावलं होतं, "ऱ्हायचं तिथं ऱ्हा, पर त्यांच्यात जेवू नगंस." पहिले काही दिवस मी घरून आणलेल्या भाकरी वाळवून खाल्ल्या. मग एका संध्याकाळी ताप आला आणि मार्थाताईनं पिठलं-भात पुढं ठेवला. मी ताटाकडे बघत बसलो, तेव्हा मामा म्हणाले, "खा बाळ. आईला मी सांगणार नाही, आणि ताप काही चुगली करत नाही." त्यानंतर मी त्यांच्यातच जेवत गेलो. आईला मी ते अजून सांगितलेलं नाही.

कचेरीत मामांचं खरं काम कागदांचं होतं. पण गाव त्यांना 'पावसाचे मामा' म्हणायचं, कारण कचेरीच्या आवारातलं पाऊस मोजायचं भांडं त्यांच्या ताब्यात असे. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चौथऱ्यात पक्कं बसवलेलं जस्ताचं नळकांडं, त्यावर नरसाळं, आत बाटली. नरसाळ्यात पडलेला पाऊस बाटलीत साठतो. रोज सकाळी साडेआठला मामा छत्री मिटून बाजूला ठेवत (छत्रीचं पाणी भांड्यात ठिबकू नये म्हणून), बाटली काढत, रेघा असलेल्या काचेच्या मापात पाणी ओतत आणि गुडघे टेकून डोळा त्या पाण्याच्या पातळीला आणत. उभ्यानं बघितलं तर आकडा चुकतो, असं ते म्हणत. मग आकडा वहीत, तार पुण्याला, आणि शेवटी खडूनं कचेरीच्या ओसरीतल्या फळ्यावर. रविवारीसुद्धा हे काम करूनच ते उपासनेला जात.

मोजून झाल्यावर त्या पाण्याचं काय करायचं, याबद्दल सरकारचा काही नियम नव्हता. मामांचा होता. ते म्हणायचे, "मोजलेलं पाणी सांडू नये. एवढ्या गावातून तेवढंच पाणी असं आहे, की ज्याची कुणीतरी दखल घेतली." आणि माप हातात तसंच धरून चार पावलं चालत, भांड्याच्या कडेला त्यांनीच लावलेल्या कडुलिंबाच्या रोपाच्या बुडात ते ओतत. कोरड्या दिवसांत ते रोपाला घागरीनं पाणी घालत असणारच. मापातल्या घोटभर पाण्यावर काही झाड वाढत नाही. पण आम्ही सगळे त्याला मोजलेल्या पाण्याचंच झाड म्हणायचो. मी शिरूरला गेलो तोवर ते रोप राहिलं नव्हतं. चांगलं डेरेदार झालं होतं, आणि बाजारच्या दिवशी कचेरीत काम असलेल्या बाया तिथं गाठोडी टाकून बसत.

माझे चुलते, आप्पा, बाजाराला आले की फळ्यापुढं उभे राहत. त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडे तेवढे येत. "मामा, तुमचा फळा काय म्हंतोय? उद्या भिजू का नगं?"

"आप्पा, मी पडलेला पाऊस मोजतो. पडणारा कुठल्या बाटलीत येतो ते मला ठाऊक नाही."

"मग पगार कशाचा घेता वो?" असं म्हणून आप्पा हसत आणि त्यांच्यासाठी आणलेली वांगी ओसरीत ठेवत. पुढं इंच जाऊन मिलिमीटर आले, तेव्हा आप्पा फळा वाचून म्हणाले होते, "इंच व्हता तवा पाऊस बी दांडगा पडायचा. ह्ये बारकं माप आणलं आन् पाऊस बी बारका झाला." मामा त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी आमच्याकडे पावसानं पाठ फिरवली. ज्वारी पेरली ती उगवून करपली. हस्तात एक दिवस शिरूरवर ढगफुटीसारखा पाऊस झाला, पण केंदूरला त्याचा शिंतोडाही आला नाही. आमची माणसं शेताच्या बांधावर उभी राहून लांबची वीज बघत होती. नंतर शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून गावची माणसं कचेरीत गेली. वरून आलेल्या साहेबांनी पीक बघितलं, कागद बघितले, आणि हस्ताच्या त्या पावसाचा आकडाही बघितला. सूट मिळाली नाही. ती एका आकड्यामुळे नाकारली गेली असं मी म्हणणार नाही, इतर कारणंही असतील. पण आमच्या लोकांच्या ध्यानात राहिला तो फळाच. बाहेर पडताना आप्पा मामांपाशी थांबले आणि म्हणाले, "मामा, आमच्या वाटचा पाऊस बी तुमच्याच बाटलीत पडला का वो?"

ती चेष्टाच होती. मामाही हसले. पण आप्पांनी त्या दिवशी वांगी आणली नव्हती, हे मामांच्या लक्षात आलेलं मी पाहिलं.

पुढच्या वर्षी मी पुण्याला कॉलेजात गेलो. ज्यांना माझ्यासारखं घरातून पहिल्यांदा कॉलेज दिसतं, त्यांना कदाचित पटेल, की तिथं ऐकलेला प्रत्येक शब्द खरा वाटतो, आणि तो घरी नेऊन दाखवावासा वाटतो. आमच्या प्राध्यापकांनी एकदा वर्गात मोजमापाच्या साधनांबद्दल बोलताना सांगितलं, की पाऊस मोजायचं भांडं झाड आणि भिंत यांपासून, त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवं. जवळ झाड असलं तर ते काही पाऊस अडवतं, किंवा वाऱ्यानं पानांवरचं पाणी भांड्यात टाकतं, आणि मग आकडा खरा राहत नाही. माझ्या डोळ्यांपुढं लगेच शिरूरची कचेरी उभी राहिली. त्यात मला दुःख झालं नाही, आनंद झाला. शिकलेलं कुठंतरी लागू पडलं, याचा तो आनंद होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी आधी शिरूरला उतरलो. मामा घराच्या ओसरीत होते. मार्थाताईचं लग्न होऊन ती दौंडला रेल्वेच्या चाळीत राहायला गेली होती, त्यामुळे मामांनी स्वतः चहा केला. कॉलेज कसं आहे, मेसचं जेवण कसं आहे, असं सगळं विचारून झालं. मग मी म्हणालो, "मामा, ते झाड भांड्याच्या फार जवळ आहे."

"कशाच्या?"

मी सगळं सांगितलं. अगदी व्यवस्थित सांगितलं, सरांनी सांगितलं होतं तसं. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. मी लगेच माघार घेतली असती, कारण मला तरी कुठं काय नक्की माहीत होतं? पण मिशनच्या शाळेत शिकलेल्या मामांचा छापील शब्दावर फार विश्वास, आणि त्यांच्या लेखी मी आता छापील शब्दाच्या घरून आलेला होतो. ते चहाची कपबशी खाली ठेवून कचेरीच्या आवारात गेले, मीही मागोमाग गेलो. झाडाखाली उभे राहून त्यांनी वर बघितलं. भांड्याच्या बाजूला आलेली एक फांदी हातानं वाकवून सोडली. पानं हलली, एवढंच. घरी परत आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे हस्ताच्या त्या पावसात पानांवरचं पाणीही मी मोजलं असेल."

"तसं नक्की नाही म्हणता येत, मामा."

"पण झालं नसेल, असंही नक्की म्हणता येत नाही. हो ना?"

त्यांनी विचारलं ते बरोबर होतं. "आप्पा बोलले ते मग खरंच म्हणायचं," असं ते हळूच म्हणाले आणि चहाचे कप विसळायला आत गेले.

कचेरीतल्या साहेबांना झाडाबद्दल मामांनी स्वतःच सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तर कुणी विचारलं नसतं. भांडं हलवावं की झाड काढावं, एवढाच प्रश्न होता. भांडं हलवलं तर जागा बदलते आणि मागच्या आकड्यांशी पुढचे जुळत नाहीत, म्हणून मामांनीच झाड काढा म्हटलं. तोडलं तेव्हा मी पुण्यात होतो. शिमग्याला आलो तर आवारात नुसता बुंधा होता, आणि बाजारच्या दिवशी बाया सवयीनं त्याच जागी, पण उन्हात, पदर डोक्यावर ओढून बसलेल्या. त्यांतली एक म्हातारी मामांना म्हणाली, "अवो मामा, आमची सावली कुठं उचलून ठिवली? कपाटात का?" दुसरी म्हणाली, "गप ग, सरकारी सावली व्हती ती. बदली झाली तिची." सगळ्या हसल्या. मामा आत गेले.

त्या पावसाळ्यात मी एकदा सकाळी कचेरीत गेलो होतो. मामांनी नेहमीसारखं छत्री मिटून, गुडघे टेकून पाणी मोजलं. आकडा लिहिला. मग माप हातात घेऊन उठले आणि सवयीनं चार पावलं गेले... आणि तिथं थांबले. ओलं माप हातात धरून किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. शेवटी पाणी बुंध्यावरच ओतलं. माझ्याकडे वळून ते हसले, जणू त्यांचीच काही चूक मी पाहिली होती.

निवृत्त झाल्यावर मामा मार्थाताईकडे दौंडला गेले. मला वाटलं होतं, भांडं सुटलं की मामा सुटतील. तसं थोडं झालंही. दौंडच्या स्टेशनवर त्यांना एक नवाच उद्योग सापडला. सोलापूरची गाडी येते, मनमाडची येते, पुण्याची येते. मामा सकाळ-संध्याकाळ फलाटावरच्या एका बाकावर बसून डब्यांची छपरं बघायचे. कुठली गाडी ओली आली, कुठली कोरडी, कुठल्या गाडीच्या खिडक्यांवर धुळीचे ओघळ आहेत, यावरून पाऊस कुठून कुठं सरकतो आहे याचा ते अंदाज बांधत. तिथल्या एका हमालाला, गणपाला, त्यांनी याची गोडी लावली होती. गणपा सामान उचलता उचलता उतारूंना विचारायचा, "पाऊस कुठं लागला वो तुमाला?" आणि येऊन मामांना सांगायचा. चाळीतल्या बाया पापड घालायच्या आधी मामांना विचारू लागल्या. मामांचं दोनदा बरोबर आलं की एकदा चुकायचं. चुकलं की गणपा ओरडायचा, "मामा, तुमची मनमाड गाडी खोटं बोलली!" आणि मामा म्हणायचे, "गाडी खरं बोलली रे, पाऊस मधल्या स्टेशनात उतरला."

मी एका सुट्टीत गेलो तेव्हा हे सगळं पाहिलं आणि म्हटलं, "मामा, शिरूरला तर तुम्ही कधी अंदाज सांगत नव्हता." ते म्हणाले, "इथं चुकलं तर पापड भिजतात, बाळ. लोक हसतात आणि पुन्हा विचारतात. तिथं..." मग लगेच त्यांनी विचारलं, "आप्पा बरे आहेत?" मी हो म्हणालो. मग म्हणाले, "त्या वर्षी तुमच्याकडे ज्वारी काहीच झाली नव्हती ना?" हे त्यांनी मला आधीही विचारलं होतं. त्या दिवशी जेवताना पुन्हा विचारलं.

मी निघताना मार्थाताई दारापर्यंत आली. चाळीपुढं सगळ्यांनी काही ना काही लावलेलं होतं, शेवगा, पपई. हिच्याच दारापुढं मोकळी जमीन होती. मी सहज म्हणालो, "ताई, मामांनी इथं एखादं झाड नाही लावलं?" ती म्हणाली, "मी रोप आणलं होतं रे. नको म्हणाले. झाड मोठं होऊन कुणाच्या आड येईल ते लावताना कळत नाही, म्हणाले." झाडाची गोष्ट कुणी सुरू केली हे तिला माहीत होतं की नाही, मला अजून माहीत नाही. तिनं माझ्या पिशवीत खोबऱ्याच्या वड्या घातल्या.

यंदा उन्हाळ्यात मी प्राध्यापकांना सगळी हकीगत सांगितली. ते म्हणाले, "नियम जागा निवडण्यासाठी असतो. झालेल्या नोंदी नियम मोडला म्हणून आपोआप खोट्या ठरत नाहीत. त्या तपासाव्या लागतात. तू तपासल्यास का?" मी तपासल्या नव्हत्या. तपासता येतात हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी मला रीत शिकवली. शिरूरचा पाऊस एका बाजूला आणि भोवतालच्या गावांचा पाऊस दुसऱ्या बाजूला, असे वर्षामागून वर्षाचे आकडे एकावर एक मिळवत जायचे आणि कागदावर रेषा काढायची. झाड वाढत गेलं तसा त्यानं आकडा बिघडवला असेल, तर रेषा तिथून वाकेल. झाड तोडल्यावर पुन्हा वळेल. छापील आकडे मिळवून मी ती रेषा काढली. ती वाकली नाही. झाड लहान असताना, मोठं असताना, तोडल्यावर, रेषा जवळजवळ सरळ होती. हस्ताच्या त्या दिवसाचा आकडाही मी शोधला. शिरूरच्या जवळच्या दुसऱ्या एका ठिकाणीही त्या दिवशी तसाच जोराचा पाऊस मोजलेला होता. पाऊस खरोखरच तिकडं पडला होता आणि आमच्याकडं आला नव्हता. बाटलीत पडलं ते आभाळातलंच पाणी होतं.

मी त्याच दिवशी दौंडची गाडी पकडायला हवी होती. निदान एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतं. पण मागच्या वेळी मी न तपासता बोललो होतो. म्हणून या वेळी ठरवलं, की सरांनी सगळी बेरीज-वजाबाकी पडताळून बरोबर म्हटल्याशिवाय मामांपुढं जायचं नाही. सर परीक्षेच्या कामात होते. मग ते गावी गेले. मग कॉलेज सुरू झालं. मी त्यांच्या दारावर दोनदा गेलो आणि त्रास नको म्हणून दार न वाजवता परत आलो. श्रावण लागल्यावर त्यांनी आकडे पाहिले, एका जागी पेन्सिलीनं माझी बारीकशी चूक काढली, आणि म्हणाले, "रेषा तीच राहते. जा, सांग त्यांना." मी स्वच्छ कागदावर रेषा पुन्हा काढली. मामांना ती डोळ्यांनी बघता यावी म्हणून जरा मोठी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. पाऊस यवतला लागला आणि पाटसच्या पुढं थांबला. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. आधी आप्पांचा निरोप सांगायचा, की वांगी पाठवली आहेत; खरोखरच पाठवली होती, केंदूरहून आलेल्या माणसाबरोबर. मग कागद उघडायचा. दौंडला उतरलो तेव्हा डब्याच्या छपरावरून अजून पाणी ठिबकत होतं. मामांच्या बाकावर कुणी नव्हतं. जेवायची वेळ झाली होती, म्हणून मला काही वाटलं नाही. गणपा समोरून आला. त्यानं मला ओळखलं नसावं. माझ्या पिशवीला हात घालत त्यानं विचारलं, "पाऊस कुठं लागला वो तुमाला?"

"यवतला लागला. पाटसपर्यंत होता," मी म्हणालो.

"पाटसपातुर," असं स्वतःशी म्हणत तो सवयीनं बाकाकडे वळला. दोन पावलं गेला, आणि थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता कुनाला सांगू... तोंडाला सवय लागलीया बघा. मामा गेले की वो सोमवारी."